चाकाखालचा खडखडाट : व्हॅनच्या सस्पेन्शनविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरता सरता या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी बदलतो आणि इंजिनाऐवजी गाडीच्या तळाकडे वळतो. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रे मारुतीच्या ईको आणि ओम्नी या दोन व्हॅनच्या सस्पेन्शनविषयी, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि सांध्यांविषयी, आहेत, आणि घरच्या अंगणात हे काम करता येईल का, असा प्रश्न त्यांपैकी अनेकांनी विचारला आहे. म्हणून हे सदर या अंकात याच एका विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची मारुती ईको आहे. घर गोडोलीत असून शेती बामणोलीच्या बाजूला असल्यामुळे यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे वारंवार जावे लागते. गेल्या काही महिन्यांपासून लहान खड्ड्यांवरून हळू जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून खट् खट् असा कोरडा आवाज येतो. वेग वाढला की तो फारसा जाणवत नाही. फिटरने गाडी पाहताक्षणीच 'दोन्ही शॉकअप गेले' असे सांगितले. मला घरी काम करण्याची सवय आहे. खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण दिलेल्या लक्षणांवरून शॉकॲब्सॉर्बर (फिटरच्या भाषेत शॉकअप) हा पहिला संशयित ठरत नाही. गाडीचे वजन शॉकॲब्सॉर्बर पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे आहे, आणि स्प्रिंगने सुरू केलेले हेलकावे थांबवणे एवढेच शॉकॲब्सॉर्बरकडे असते. त्याच्या आतील तेल बारीक झडपांमधून दाबाने ढकलले जाते, त्यात हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी स्थिर होते. त्यामुळे तो निकामी झाला की आवाजापेक्षा झुलणे जास्त जाणवते : खोलगट जागेतून बाहेर पडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होते, वळणावर अधिक कलते, ब्रेक दाबल्यावर पुढून खाली बसते आणि टायरवर ठरावीक अंतराने खोलगट झीज दिसू लागते. पुढचा कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन जागेवर थांबली तर शॉकॲब्सॉर्बर अजून काम करतो आहे, आणि ती डोलतच राहिली तर फिटरचे म्हणणे बरोबर आहे. ही चाचणी ढोबळ आहे, कारण अर्धवट थकलेला शॉकॲब्सॉर्बर तिच्यात उत्तीर्ण होऊ शकतो. पण पूर्ण गेलेला त्यातून सहसा सुटत नाही. त्याच्या अंगावर धूळ चिकटण्याइतका ओलावा असणे म्हणजे गळती नव्हे. तेलाचा ओघळ खालपर्यंत आलेला असेल तर मात्र तो बदलावाच लागतो.

कमी वेगात, लहान खड्ड्यावर येणारा कोरडा खटखटाट हा बहुधा एखाद्या सांध्यातील मोकळीक दाखवतो. मात्र सांध्यांकडे जाण्याआधी स्टेपनी, जॅक आणि पान्यांची पिशवी गाडीतून काढून ठेवावी, सरकत्या दरवाजाचे रोलर आणि सायलेन्सरची टांगणी रबरे हाताने हलवून पाहावीत आणि त्याच रस्त्याने पुन्हा एक फेरी मारावी. या फेरीत आवाज नाहीसा झाल्याची उदाहरणे इतकी आहेत की ती टाळणे परवडणारे नाही. दुसऱ्या फेरीत खडबडीत जागेवरून जाताना ब्रेक अगदी हलका दाबून ठेवावा. आवाज थांबला तर दोष ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या ढिल्या पिनांत आहे आणि सस्पेन्शनचा त्याच्याशी संबंध नाही.

त्यानंतर पुढचे चाक जमिनीवरून उचलून, गाडी घोडीवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) टेकवून, चाक वर आणि खाली अशा दोन जागी धरून आत-बाहेर हलवावे. हालचाल जाणवली तर ती चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भुजेच्या, टोकावरील बॉल जॉइंटमध्ये (गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्यात) असते, आणि त्यांतला फरक ओळखण्यासाठी सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर मोकळीक नाहीशी झाली तर बेअरिंग, कायम राहिली तर बॉल जॉइंट. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खटका लागला तर टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) टोक किंवा स्टिअरिंगचा रॅक पाहावा. आपल्या गाडीत पुढची स्प्रिंग वरच्या बाजूला, स्ट्रटभोवती (ज्यात शॉकॲब्सॉर्बर असतो त्या उभ्या खांबाभोवती) बसवलेली असल्यामुळे वजन खालच्या बॉल जॉइंटवर थेट येत नाही; म्हणून चाक मोकळे लोंबत असतानाच लोअर आर्मखाली टॉमी (उचकण्याची लोखंडी पहार) घालून तो जॉइंट वरखाली उचकून पाहावा. गाडी चाकांवर उभी असताना झिजलेला जॉइंटही घट्ट भासू शकतो.

बुशची, म्हणजे आर्मचे आतले टोक सांगाड्याशी जोडणाऱ्या रबरी सांध्याची, तपासणी वेगळी आहे. रबरावर वरवर बारीक चिरा दिसणे हे वयाचे लक्षण आहे, दोषाचे नव्हे. रबर आतील लोखंडी नळीपासून सुटले आहे का, हे पाहायचे असते. आर्मच्या आतल्या टोकाजवळ टॉमी लावून हलकेच रेटल्यास सुटलेले रबर उघडे पडते. याच्या जोडीला एक लक्षण आपल्याला घाटातच मिळेल. यवतेश्वर उतरताना ब्रेक लावताच एक 'टक्' आणि उतारानंतर गाडी मागे घेताना ब्रेक लावल्यावर पुन्हा एक 'टक्' असा आवाज येत असेल, आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग एका बाजूला ओढले जात असेल, तर लोअर आर्म पुढे-मागे सरकतो आहे, म्हणजे बुश फाटले आहे, असे मानण्यास हरकत नाही. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर स्ट्रटचे वरचे माउंटिंग आणि त्यातील बेअरिंग तपासावे.

एवढे झाल्यावर शॉकॲब्सॉर्बर बदलायचा की नाही, याचा निर्णय आपला आपल्यालाच घेता येईल. माझा अनुभव असा, की 'दोन्ही शॉकअप गेले' हे निदान गाडी उचलून पाहिल्याशिवाय सांगितले जात असेल तर दुसऱ्या फिटरकडे जाणे श्रेयस्कर असते.

प्रश्न : माझ्या व्हॅनचे पुढचे दोन्ही लोअर आर्म बुश आणि बॉल जॉइंटसकट खराब झाले आहेत, हे नक्की झाले आहे. मी औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, पाने हाताळण्याची सवय आहे आणि रविवारी वेळ असतो. घरासमोर मुरुमाचे अंगण आहे. हे काम तेथे करावे का, आणि करताना काय सांभाळावे?
— एक वाचक, देगाव रस्ता, सातारा

उत्तर : काम करता येण्याजोगे आहे, अंगण मात्र त्यासाठी योग्य नाही. मुरूम कितीही कुटलेला असला तरी जॅकच्या लहानशा तळाखाली तो दबतो, आणि पावसाने भिजला असेल तर एका बाजूने दबतो, जे अधिक वाईट. शेजारी कोठे सिमेंटचा सपाट ओटा किंवा पार्किंग मिळाल्यास ते वापरावे. नाइलाज असेल तर जॅक आणि घोड्या यांच्याखाली जाड, रुंद फळ्या घालाव्यात. फरशीवरही फळी हवीच, कारण पोकळ बसलेली फरशी एका टोकावर आलेल्या भाराने तडकते.

गाडीबरोबर मिळणारा जॅक हा चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्यावर पेललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, मग डोके तर दूरच. दोन मजबूत घोड्या, सेवापुस्तिकेत दाखवलेल्या जागांखाली, आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी उट्या एवढी व्यवस्था झाल्याशिवाय चाक काढू नये. हँडब्रेक या गाड्यांत मागच्या चाकांवर लागतो, त्यामुळे पुढची बाजू उचलताना तो उपयोगी पडतो. मागची दोन्ही चाके उचलली तर त्याचा काहीच आधार राहत नाही. मागचे एकच चाक उचलून गाडी गिअरमध्ये ठेवण्याची सवयही फसवी आहे, कारण डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या जोडणीमुळे) उचललेले चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरच्या चाकाला गिअर धरून ठेवत नाही. गाडी घोड्यांवर टेकल्यावर बाजूने दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहावी. पडायचीच असेल तर ती आपण बाहेर असताना पडावी. काढलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेच्या पट्टीखाली सरकवून ठेवले तर शेवटचा आधार म्हणून तेही कामी येते.

आता सुटे भाग. बुश स्वतंत्र मिळतात आणि स्वस्तही असतात, पण ते जुन्या आर्ममधून काढून नवे बसवण्यासाठी प्रेस लागतो. हातोडीने आणि पाइपच्या तुकड्याने ठोकून बसवलेल्या बुशची कड दबते किंवा आर्मचे छिद्र अंडाकृती होते आणि मग नवे बुशही त्यात खेळू लागते. तुमच्या ओळखीत प्रेस असलेला वर्कशॉपवाला असेल तर आर्म सोडवून त्याच्याकडे न्यावा. नसेल तर बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला संपूर्ण आर्मच घ्यावा, असे माझे मत आहे. आदल्या रात्री सर्व नट-बोल्टांच्या आट्यांवर तारेचा ब्रश फिरवून गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत.

दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीला हात लावला की, कोणता वॉशर कोणत्या बाजूला होता असा प्रश्न पडल्यास समोर नमुना तयार असतो. मोबाइलवर छायाचित्रे काढावीत, हे आता सांगण्याची गरज नसावी. बॉल जॉइंट दोन प्रकारांनी धरलेला असतो. काही गाड्यांत त्याचा दांडा नकलमधील (चाक ज्यावर बसवलेले असते त्या भागातील) खाचेत बसतो आणि आडवा बोल्ट त्याला आवळतो. हा बोल्ट दांड्याच्या खोबणीतून जात असल्यामुळे तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. काही गाड्यांत दांडा निमुळता असून वर नट आणि स्प्लिट पिन असते. अशा जोडाला सोडवण्यासाठी पुलर वापरावा किंवा नट काही आट्यांवर राखून नकलच्या कानाच्या बाजूवर हातोडीचा एक नेमका फटका द्यावा. दांड्याच्या टोकावर ठोकू नये. आटे चेपले की पुढचे सारे काम अडते. दुशाखी पाचर ठोकून जोड सुटतो खरा, पण जॉइंटचे रबरी आवरण फाटते, म्हणून ती केवळ टाकून द्यायच्या जॉइंटसाठी ठीक आहे. ब्रेक कॅलिपर काढावा लागलाच तर तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा, त्याच्या नळीवर लोंबकळू देऊ नये.

नवा आर्म जागेवर आल्यावर बहुतेक जण ज्या ठिकाणी घाई करतात, तेथेच या कामाचा कस लागतो. बॉल जॉइंटचा नट लगेच पूर्ण आवळावा. आतल्या टोकाच्या बुशमधून जाणारे बोल्ट मात्र केवळ हाताने बसतील इतकेच फिरवून ठेवावेत. याचे कारण बुशच्या रचनेत आहे. त्यातील रबर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही लोखंडी नळ्यांना चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसते आणि आर्म वरखाली होतो तो रबराच्या पिळातून. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबराची शून्यस्थिती त्या लोंबत्या अवस्थेत पक्की होते. गाडी खाली उतरवताच आर्म वर जातो आणि रबर पिळले जाते. गाडी घरासमोर रात्रभर उभी असली तरी ते पिळलेलेच राहते. असे बुश वर्षानुवर्षे टिकण्याऐवजी काही महिन्यांत नळीपासून सुटते आणि दोष कंपनीच्या नावावर जातो. म्हणून चाक बसवून, गाडी जमिनीवर किंवा चाकांखाली सारख्या उंचीच्या जाड फळ्या घालून त्यांवर उतरवावी, चार-पाच वेळा दाबून-सोडून तिला नेहमीच्या उंचीवर बसू द्यावे आणि मगच आतले बोल्ट सेवापुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत. टॉर्क पाना विकत घेणे परवडत नसेल तर एका दिवसासाठी कोणाकडून तरी मिळवावा. पान्याला पाइप लावून 'अंगातले बळ' हेच माप मानले तर बोल्टाचा ताण मर्यादेबाहेर जातो आणि तो पुढे कधीतरी तुटतो.

नायलॉनचे कडे असलेले नट आणि स्प्लिट पिना पुन्हा वापरू नयेत. रबरी बुशला ग्रीस किंवा इंजिनचे तेल लावू नये. खनिज तेलाने साधे रबर फुगते आणि मऊ पडते. बसवताना ओलावा हवाच असेल तर साबणाचे पाणी पुरते. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि सोडवलेले सर्व बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत.

प्रश्न : मी कराडमध्ये शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. पुढच्या स्ट्रटमधील शॉकॲब्सॉर्बर गळत आहे. एका चित्रफितीत स्प्रिंग दोरीने आणि तारेने बांधून वरचा नट उघडताना दाखवले आहे. तसे केल्यास मजुरी वाचेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : कृपया तसे करू नये. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९४०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या या रचनेत स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच दांड्यावर एकत्र असतात. स्ट्रट गाडीतून काढून हातात घेतला तरी स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिला अडवून धरणारी एकमेव वस्तू म्हणजे मध्यावरचा तो नट. तो सुटताच स्प्रिंग आणि वरची वाटी ज्या वेगाने उडतात, त्यासमोर तारही टिकत नाही आणि चेहराही. स्प्रिंग दाबण्याचे बाजारात मिळणारे दोन हुकांचे साधनही वापरणाऱ्याच्या चुकीने घसरते. आपण इतकेच करावे की स्ट्रट गाडीतून सोडवून न्यावा : नकलला धरणारे दोन बोल्ट आणि वरच्या माउंटिंगचे बाहेरचे नट काढावेत, मधल्या नटाला पाना लावू नये, आणि भिंतीवर बसवलेला स्प्रिंग प्रेस असलेल्या गॅरेजमधून शॉकॲब्सॉर्बर बदलून आणावा. नकलचे बोल्ट सोडवण्यापूर्वी त्यांच्या जागेभोवती खूण करून ठेवली तर चाकाचा कल फारसा बिघडत नाही.

मात्र आपल्या गाडीत दुसऱ्यांची मुले बसतात, हे लक्षात घेता या प्रकरणी मी घरच्या कामाची शिफारस करणार नाही. सगळे काम गॅरेजमधून करून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्या तपासणीत ही पावती आपल्या बाजूने बोलते.

प्रश्न : तासगावहून सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या पेट्या नेण्यासाठी मी जुनी ओम्नी वापरतो. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले आहेत. एक जादा पाटा घालून घ्यावा, असे सगळे सांगतात. आपले मत काय?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : सगळे सांगतात ते सोयीचे आहे, पण त्यातून प्रश्न सुटत नाही. १९८४ पासून २०१९ पर्यंत बनलेल्या या गाडीच्या मागे सरळ, साधे पाटे आहेत, आणि जादा पाटा घातला की गाडी उभी दिसते, म्हणून मालक निश्चिंत होतो. परंतु ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि पाटे ज्या कानांना धरलेले असतात तो पातळ पत्र्याचा सांगाडा, यांची ताकद त्या पाट्याने वाढत नाही. उलट जो धक्का पूर्वी पाट्याने गिळला असता तो आता थेट सांगाड्यात जातो आणि कानांभोवती चिरा पडू लागतात. जुन्या ओम्नीच्या तळाशी वेल्डिंगची ठिगळे दिसतात, त्यामागे गंजाइतकाच याचाही वाटा असतो. रिकामी गाडी ताठ झाल्याने मागचे चाक खड्ड्यावर उसळते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना मागची बाजू घसरते, हा आणखी एक तोटा. नोंदणी पुस्तकातील वजनाची मर्यादा तर आहे तेथेच राहते, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीत मनाप्रमाणे फेरफार करण्यास मनाई आहे.

पाटे बसले असतील तर मूळ मापाचा नवा जुडगा दोन्ही बाजूंना घालावा. जुन्या पाट्यांना ठोकून नव्याने कमान देणारे कारागीर आहेत, त्यांच्या हातात कसबही आहे, पण पोलादाला पुन्हा पाणी दिल्याशिवाय (तापवून, विझवून कडक केल्याशिवाय) ही कमान भाराखाली लवकरच उतरते. घरी काम करायचे असल्यास मागची बाजू घोड्यांवर घेऊन ॲक्सलखाली स्वतंत्र जॅक ठेवावा, म्हणजे पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सुटल्यावर ॲक्सल एकदम खाली येऊन ब्रेकची नळी ताणली जाणार नाही. पाट्यांना एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टाचे डोके ॲक्सलवरील छिद्रात नीट बसले आहे, याची खात्री केल्याशिवाय यू-बोल्ट आवळू नयेत, नाहीतर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, चारही नट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना यू-बोल्ट ढिले होतात. शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) आणि पुढच्या पिनेचे बुशही गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे. वर सांगितलेला नियम येथेही लागू आहे.

बेदाण्याच्या पेट्या ॲक्सलच्या मागे, दरवाजाला टेकवून रचण्याऐवजी शक्य तितक्या पुढे घेतल्या तरी मागचे पाटे बरेच दिवस टिकतील. पेट्या कमी करून एक फेरी वाढवणे तुमच्या हिशेबात बसते का, ते आपणच ठरवावे.

प्रश्न : सांगलीत एक जुनी ईको कमी किमतीत मिळत आहे. ती २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पाण्यात उभी होती, असे शेजारी सांगतात, विकणारा नाकारतो. सस्पेन्शनवरून काही कळेल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पुष्कळ कळेल, कारण विकणारा आसने आणि गालिचे बदलतो, तळाकडे सहसा पाहत नाही. कृष्णेच्या पुराचे पाणी गाळ घेऊन येते, आणि पाणी ओसरल्यावर हा गाळ ज्या जागी पाण्याचा फवारा पोहोचत नाही तेथे वाळून राहतो : लोअर आर्मच्या पन्हळीत, मागच्या स्प्रिंगच्या वरच्या बैठकीत, सांगाड्याच्या पोकळ पट्ट्यांच्या छिद्रांत. नेहमीच्या पावसाळी चिखलाचे शिंतोडे चाकांच्या मागे आणि खालच्या बाजूला दिसतात. भागांच्या वरच्या, आडव्या पृष्ठभागांवर सारखा बसलेला बारीक थर वेगळी कथा सांगतो. बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या टोकांवरील रबरी आवरण बोटांनी दाबून पाहावे. आत पाणी शिरून ग्रीस धुतले गेले असेल तर जॉइंट फिरवताना करकरतो किंवा अडखळतो, आणि आवरणाच्या कडेला तांबूस रंग येतो.

मागच्या डिफरन्शियलचे तेल थोडे काढून पाहणे हा आणखी खात्रीचा उपाय आहे. ॲक्सलला हवा घेण्यासाठी लहान झडप असते. गरम ॲक्सल पाण्यात बुडून गार होताना किंवा बराच काळ पाण्याखाली राहिल्याने आत पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. तेल इतक्या वर्षांत बदललेले असू शकते, म्हणून ते स्वच्छ निघाले तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. गाडी घ्यायची ठरलीच, तर सर्व बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके आणि चाकांची बेअरिंगे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत. एकेक भाग बिघडेल तसा बदलू, या विचाराने घेतलेली पुरातली गाडी मजुरीतच महाग पडते. सांगाड्याच्या पट्ट्या टोकदार हत्याराने टोचून पाहिल्यावर पत्रा दबला, तर ती कोणत्याही किमतीला घेऊ नये.

प्रश्न : एकाच बाजूचा शॉकॲब्सॉर्बर खराब असताना दोन्ही बदलण्याचा आग्रह धरणे, ही दुकानदाराची युक्ती नव्हे काय?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : या बाबतीत दुकानदार खरे बोलतो. शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि पाटे एकाच ॲक्सलवर जोडीने बदलावेत, कारण एक बाजू ताठ आणि दुसरी सैल राहिली तर खड्ड्यावर आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूला झुकते. बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक किंवा बेअरिंग यांना हा नियम नाही. जो झिजला तो बदलावा आणि दुसऱ्यावर लक्ष ठेवावे. बुशच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे वय सारखेच असते, तेव्हा एक फाटले असेल तर दुसरेही तपासून घ्यावे.

प्रश्न : लोअर आर्म आणि टाय रॉडची टोके मी घरीच बदलली. आता गाडी सरळ चालते, पण स्टिअरिंगचे चक्र थोडे उजवीकडे वळलेले राहते. अलाइनमेंट करून घेणे खरोखर आवश्यक आहे का? टायर तर नवे आहेत.
— एक वाचक, मिरज

उत्तर : टायर नवे आहेत म्हणूनच ते लगेच करून घ्यावे. टाय रॉडचे टोक किती आटे आत गेले होते हे मोजून नवे तितकेच बसवले, तरी नव्या भागाच्या लांबीत किंचित फरक असतो, आणि पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन बिघडण्यास तेवढा पुरतो. टायरच्या पृष्ठभागावरून हात आडवा फिरवून पाहावा : एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर झीज सुरू झालेली आहे. स्टिअरिंगचे चक्र काढून सरळ करून बसवणे हा उपाय नव्हे, कारण त्याने केवळ चक्र सरळ दिसते आणि चाके होती तशीच राहतात. अलाइनमेंटला जाताना चारही टायरांत ठरलेली हवा भरावी आणि गाडीतील जादा सामान उतरवावे. तेथील माणसाला स्टिअरिंग मध्यावर बांधून, दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवून कोन जुळवण्यास सांगावे आणि आधीच्या व नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्यावा. काम संपल्यावर टाय रॉडचे चेक नट आवळले आहेत, हे निघण्यापूर्वी स्वतः वाकून पाहावे.